गुंड्याचा मान आणि ताटातले तुकडे

आमच्या घरची एक रीत आहे. अंगणातला दगडी गुंडा, म्हणजे गोल जड धोंडा, जो छातीपर्यंत उचलेल, त्याचा खुराक त्या दिवसापासून सुरू. खुराक म्हणजे सकाळी तांब्याभर दूध आणि मटण शिजलं की ताटात तुकडे. आम्हा बायकांना रस्सा. माझा भाऊ बिरप्पा दिवाळीत खुराकाला लागला, तेव्हापासून दारातून आडवा होऊन शिरतो!

मी मायाक्का. सोलापुरात मुलींच्या शाळेत सातवीला आहे. आरोग्याच्या तासाला आमच्या बाई म्हणाल्या, अंगातलं मांस वाढायला मांसवर्धक सत्त्व लागतं. ते मटणात, अंड्यात, दुधात असतं आणि कडधान्यांतही असतं. कडधान्यातलं एकटं थोडं उणं पडतं, पण भाकरीची जोड मिळाली की भरून निघतं. मात्र नुसतं खाऊन भागत नाही, अंगाला काम द्यावं लागतं.

मी हात वर केला. "बाई, आणि रश्शात?"

"रश्शात चव! सत्त्व बहुतेक तुकड्यांतच राहतं."

सगळा वर्ग हसला. मी नाही हसले.

बाबा मेंढरं घेऊन मोहोळकडे गेलेले, म्हणून घरात चुलत्याचा, धुळातात्यांचा शब्द चालतो. मी सरळ त्यांच्यापुढं उभी राहिले. "तात्या, मलाबी तुकडे पायजेत."

"आदी गुंडा उचल, मग माग."

"तुकड्याबिगार उचलू कशी?"

"ते आमाला काय ठावं?" तात्या मिशीत हसले.

बिरप्पा म्हणाला, "हिला लाटणं द्या की उचलाया!"

"तात्या, उचलला तर वाटा द्याल न्हवं?"

"दिला! बिरोबाची आण."

मग काय! हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे, वाडगाभर ताक आणि भाकरी. हे मागायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पुरुष बाहेर पडले की मी गुंड्याशी झटायची. आधी तो नुसता माझ्याकडे बघत बसला. मग हलला. उन्हाळा लागता लागता मांडीवर येऊन बसला. माझ्या चोळीच्या बाह्या दंडाला काचायला लागल्या, तेव्हा आईनं उसवून सैल केल्या.

एका रविवारी चुलीवर मटण रटरटत होतं. मी पदर खोचला. "तात्या, हिकडं बघा."

गुंडा मांडीवर घेतला. तिथंच अडला. एवढ्यात बिरप्पाच ओरडला, "पाठ नको वाकवू, पायात जोर दे, पायात!" मी पायात जोर दिला आणि गुंडा छातीला लागला! खाली टाकला तर कोंबड्या फडफडत पळाल्या.

"काय खाल्लंस गं?" बिरप्पानं विचारलं.

"हुलगं."

"घोड्याचं खाणं?"

"व्हय! धर की मग घोड्याला पळताना."

तात्यांनी पटका काढून डोकं खाजवलं. मग चुलीकडे तोंड करून म्हणाले, "वैनी, वाढा हिला. पैलवानाचा वाटा."

आईनं माझ्या ताटात तुकडे घातले आणि स्वतःसाठी नेहमीसारखा रस्सा ओतून घेतला. मी माझ्यातले निम्मे तिच्या ताटात टाकले.

"आगं, मी कुटं गुंडा उचलला?"

"भरल्या घागरी रोज कोन उचलतंय?"

आई तात्यांकडे बघत राहिली. तात्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "खावा की वैनी, निवतंय."

आईनं खाल्लं. हाडसुद्धा चोखलं.