ओल्या फरशीचा खोटा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना पिवळा फलक आहे. माझ्या अंगावर पाय घसरून हात पसरलेला एक माणूस काढलेला आहे आणि त्याच्याखाली लिहिलं आहे, 'फरशी ओली आहे, जपून चाला.' हा माणूस इतकी वर्षं पडतोच आहे, पण अजून जमिनीला टेकलेला नाही. एवढं नशीब सगळ्यांचं नसतं, हे मला पुढे कळलं.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. उघडायचं, उभं राहायचं आणि खरं तेच सांगायचं, एवढंच आमचं शिक्षण.

शोभेच्या माशांच्या दुकानात मला आणलं ते मालकांच्या मेहुण्याने, म्हणजे मालकीणबाईंच्या धाकट्या भावाने. हा विमा एजंट होता. दुकानात गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनीने द्यायची, अशी पॉलिसी त्याने बहिणीकडे जेवता जेवता मालकांच्या गळ्यात मारली होती.

"भाऊजी, कोणी पडलं-झडलं तर कंपनीची पायरी तुम्ही चढायची नाही. मी कशाला आहे?" असं म्हणत त्यानेच मला पिशवीतून काढून फरशीवर उभं केलं आणि डोक्यावर थाप मारली. मला तो देवमाणूस वाटला.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. टाक्यांचं पाणी बदलताना सांडासांड व्हायची आणि मी तिथे पाय रोवून उभा राहायचो. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपल्या माशासाठी खाणं न्यायला येत. मला वळसा घालताना म्हणत, "या दुकानात कामाला हा एकटाच. बाकीचे नुसते पोहतात." मालक मनापासून हसत. आपण बाकीच्यांत मोडतो, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही.

मग मेहुण्याने चारचाकी घेतली. दुकानासमोर ती लावायला जागा मिळेना, म्हणून एकदा त्याने मलाच उचलून रस्त्याच्या कडेला उभं केलं. तेव्हापासून ती रीतच पडली. फोन यायचा, "ताई, निघालोय गं, जागा धर." लगेच माझी रवानगी बाहेर. खडखडीत उन्हात, कोरड्या रस्त्यावर मी 'जपून चाला' म्हणत उभा. लोक माझ्याकडे बघत, मग आभाळाकडे बघत. एक टेम्पोवाला म्हणाला, "काय मालक, रस्ता पुसून घेतला वाटतं?"

अशाच एका फोननंतर मी बाहेर होतो. आत मोठ्या टाकीची नळी निसटली होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिवणाच्या बाई मला बघून हसल्या. "बदली झाली का रे?" म्हणाल्या आणि आत गेल्या. मग आवाज आला. मला ओरडता येत नाही. माझ्याजवळ फक्त अक्षरं आहेत आणि ती त्या वेळी रस्त्याकडे तोंड करून होती.

बाईंचं उजवं मनगट मोडलं.

"झालं तसं कंपनीला सांगून टाकू," मालक म्हणाले. "त्या हातावर बाईंचं पोट आहे रे. तो नीट व्हायला पाहिजे."

"भाऊजी, तुम्ही अगदीच भोळे. फलक एजंटच्या गाडीसाठी बाहेर होता म्हणून सांगणार? माझं नाक कापाल! आत होता, उभा होता, बस्स."

"अरे, पण..." मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई, सख्खा भाऊ आहे मी."

मालकीणबाई दारातून बाजूला झाल्या. मेहुण्याने मला आत आणलं, टाकीतून मगभर पाणी घेऊन माझ्या पायाशी ओतलं आणि फोटो काढला. इतक्या निगुतीने मला त्याआधी कोणी उभं केलं नव्हतं. मालकांनी दाव्यावर सही केली.

कंपनीचं उत्तर आलं. फोटोत फलक ठळक दिसतो आहे, दुकानदाराने योग्य ती काळजी घेतली होती, दोष दुकानाचा नाही, सबब गिऱ्हाइकाला भरपाई देता येत नाही.

मालकांनी ते पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे आपली चूक झाली म्हटलं असतं, तर बाईंना मिळाले असते?"

"तसं म्हटलं तर हो," मेहुणा म्हणाला. "विमा असतोच चुकांसाठी."

"मग आता खरं सांगतो."

"आता? खोटं बोललात म्हणून पॉलिसीच रद्द करतील."

"बोललास तू!"

"सही तुमची आहे, भाऊजी," असं म्हणून मेहुणा गाडीत बसला. जागा मीच धरली होती.

काही दिवसांनी बाई आल्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात बरणी, बरणीत त्यांचा मासा. मी कोरड्या फरशीवर उभा होतो.

"आज आत आहे वाटतं हा," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या माणसाने फोटो दाखवला मला. छान आलाय." मग त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "याला तुम्हीच सांभाळा. एका हाताने पाणी बदलणं होत नाही."

त्या गेल्यावर मालकांनी शटर ओढलं, मला काखेत मारलं आणि ते दोघं नवरा-बायको जिची पायरी चढायची नव्हती त्या कंपनीत गेले. खरं सांगितलं. पॉलिसी रद्द झाली. बाईंच्या उपचारासाठी मोठी टाकी विकावी लागली. नंतर पुन्हा फोन आला, "ताई, निघालोय गं." मालकीणबाई म्हणाल्या, "फलक कामावर आहे. गाडी लांब लाव," आणि फोन ठेवून त्या खूप वेळ एकाच टाकीची काच पुसत बसल्या.

मित्रांनो, एजंट जरूर ठेवा. दावा भरताना जाणतं माणूस बरोबर असावंच. पण ते कोणाची इज्जत राखायला बसलं आहे, हे सहीच्या आधी बघा. आणि मला जपायचं असेल, तर जिथे ओलं आहे तिथेच उभं करा.

बाई अजून आल्या नाहीत. त्यांचा मासा मात्र माझ्या बाजूच्या काचेशी येऊन थांबतो. मी अजूनही तेच सांगतो, त्याच अक्षरांत. फक्त त्या फोटोची गोष्ट गल्लीभर झाल्यापासून मला वाचल्यावर लोक आधी वाकून फरशीला हात लावून बघतात.