शनिवारपर्यंत हवंय

पहिली आली दूधवाल्याची बायको. धाकटीच्या फ्रॉकचं कापड तिने मशीनवर ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "काकू, शनिवारपर्यंत हवंय हो. घरी पाहुणे यायचेत."

दुसऱ्या दिवशी शाळेतला शिपाई सदरा शिवून घ्यायला आला. त्यालाही शनिवारीच हवा होता. म्हणे फोटो काढायचाय. "एवढं नटून फोटो पाठवणार कुणाला?" शिवणकाकूंनी विचारलं, तर गडी कानापर्यंत लाल झाला. मग सुतारांच्या घरातल्या दोघी जावा आल्या, एकाच ताग्यातलं कापड घेऊन. "वाढदिवस आहे," थोरली म्हणाली. "सहजच," धाकटी त्याच दमात म्हणाली. मग थोरलीने धाकटीला असा चिमटा काढला की काकूंच्या हातातली टेप खाली पडली.

बुधवारपर्यंत अकरा कपडे जमले. तारेवर ओळीने लटकत होते, कुणाला बाह्या नाहीत, कुणाला गळा नाही. सगळ्यांवर खडूने एकच वार लिहिलेला. काकू खुळ्या नव्हत्या. पण माणूस एखादी गोष्ट बघायचीच नाही असं ठरवतो, तेव्हा ती समोर लटकत असली तरी दिसत नाही.

ती दाखवली बेकरीवाल्याच्या आईने. आजी ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत एकट्याच आल्या आणि खुर्चीत बसून धापा टाकत म्हणाल्या, "ह्या झग्याची बाही जरा सैल कर गं. हात वर करून टाळ्या वाजवता येत नाहीत."

"कुठे वाजवायच्यात टाळ्या, आजी?"

"तेच तर. तुला काय सांगायचं ते सुनेनं पढवून पाठवलंय, पण वाटेत विसरले बघ." आजी कपाळाला आठ्या घालून बसल्या. "मेळाव्याचं सांगायचं नाही, एवढंच आठवतंय."

काकूंनी बाहीची शिवण उसवायला घेतली. शिवण उसवून झाली, नवी टीप पडली, आजींचे हात वर करून बघून झाले. आजी गेल्या तेव्हा काकूंनी दार लोटून घेतलं आणि कापडांच्या ढिगावर बसकण मारली.

सुगी संपली की गावाचा मेळावा भरायचा. महिनाभर आधी सभागृहाबाहेरच्या फळ्यावर यादी लागायची: रस्सीखेच, गाणी, म्हाताऱ्यांची चालायची शर्यत, सगळ्यांचं एकत्र जेवण. मंचाचा पडदा शिवणकाकूंचा. बासरी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे पोस्टमनची. आणि दिवे त्यांच्या लेकीचे.

लेकीला बाप ठिणगी म्हणायचा. सहाव्या वर्षी तिने घरातला रेडिओ उघडला आणि सातव्या वर्षी परत जोडला, मधलं एक वर्ष घरात बातम्या नव्हत्या. विसाव्या वर्षापर्यंत गावातला एकही पंखा तिच्या हातून सुटला नव्हता. कमरेला पक्कड, केसांत पेन्सिल, आणि आईने शिवलेल्या प्रत्येक कपड्याला कुठेतरी डाग पडलेला. "तुझ्यासाठी पोत्याचं कापड आणते," काकू म्हणायच्या. "खिसे मोठे ठेव मग," ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी, मेळाव्याच्या आदल्या सकाळी, ती सभागृहाच्या पत्र्यावर दिव्यांची माळ बांधायला चढली. पत्रा दवाने ओला होता. काकू आत बाकावर बसून पडद्याला कड्या लावत होत्या. वरून तिच्या चालण्याचा आवाज येत होता, म्हणून त्या निश्चिंत होत्या. मग पत्रा एकदा जोरात वाजला आणि चालण्याचा आवाज थांबला. बाहेरून कुणीतरी ओरडलं. काकू पळाल्या तेव्हा पडदा त्यांच्या पायांत अडकून दारापर्यंत फरफटत आला होता.

त्या वर्षी मेळावा झाला नाही. पुढच्या वर्षीही फळा कोराच राहिला. काकू चौदा महिने मशीनवर बसल्या नाहीत. बसल्या तेव्हा गाव हळूहळू कपडे घेऊन यायला लागलं, आधी नुसते फाटके, मग नवे. सभागृहाच्या रस्त्याने मात्र काकू परत गेल्या नाहीत. बाजाराला जायचं तरी विहिरीमागून वळसा घालून जायच्या. म्हणून तर त्यांना फळा दिसला नाही.

संध्याकाळी पोस्टमन घरी आला. सायकल भिंतीला टेकवून, पिशवी खुंटीला अडकवून तो पाय धुवायला गेला. काकूंनी जन्मात कधी त्या पिशवीला हात लावला नव्हता. ती सरकारी वस्तू, असं तो पहिल्या दिवशीच सांगून मोकळा झाला होता. आज त्यांनी ती उघडली. आत शेवटची चार-पाच छापील निमंत्रणं उरली होती. वरच्या गल्लीतल्या घरांची.

तो पंच्याने तोंड पुसत आला आणि जागीच थबकला.

"आपल्या घरचं कुठाय?" काकूंनी विचारलं.

त्याने पंचा खांद्यावर टाकला. मग पिशवीच्या मागच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. कडा मऊ पडल्या होत्या. किती दिवस ते तिथे होतं कोण जाणे.

"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज देईन."

"आणि मेळाव्याला हो कुणी म्हटलं?"

"मी."

"मला न विचारता?"

"कसं विचारू गं? मेळाव्याचे लोक मला पोस्टात येऊन भेटले. गिरणीवाल्या वहिनी रडत होत्या. म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा कधीच विषय काढणार नाही. सगळं गाव दोन वर्षं आपल्यासमोर दबकून वागतंय. पोरं रस्त्यात हसत असली तरी मी दिसलो की गप्प होतात. मी टपाल घेऊन जातो का सुतक घेऊन जातो, तेच कळेनासं झालंय मला." तो खाली बसला. "तू कुठे जरा मशीनवर रुळायला लागली होतीस. माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"बासरी वाजवणार आहात?"

त्याने मान खाली घातली. त्यातच उत्तर आलं.

"सराव कुठे करता?"

"नदीकडच्या वस्तीवर टपाल द्यायला जातो ना. तिथे. झाडाखाली."

फसवलं याचा काकूंना राग होताच, पण त्याहून वेगळंच काहीतरी टोचत होतं. आपण इथे एकेक दिवस रेटत होतो, आणि हा माणूस झाडाखाली बसून बासरी वाजवत होता. त्याला वाजवावंसं वाटत होतं.

त्यांनी पाकीट उघडलं. कार्यक्रम वाचता वाचता शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. लेकीचं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं: स्मरणार्थ एक मिनिट स्तब्धता.

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. "माझ्या लेकीला एक मिनिट दिलंय तुम्ही सगळ्यांनी मिळून."



गुरुवारी दुपारी काकू विहिरीमागून न जाता सरळ सभागृहाच्या रस्त्याला लागल्या. न्हाव्याच्या दुकानात कुणाची तरी अर्धी दाढी झाली होती. ते गिऱ्हाईक साबणासकट उठून दारात आलं. कुणी हाक मारली नाही. काकूंनी वर पत्र्याकडे बघितलं नाही. पायरीवर मात्र पाऊल अडलं. तिथली फरशी नवी होती, आजूबाजूच्या फरशांपेक्षा फिकट. ती कुणी बदलली, केव्हा बदलली, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिला वळसा घातला आणि आत गेल्या.

आत गिरणीवाल्या वहिनी खुर्च्या मोजत होत्या. वहिनी म्हणजे गावातली पिठाची गिरणी चालवणारी, आवाज गिरणीच्या वरताण असलेली बाई. काकूंना बघून त्या आवाजाचं पार पाणी झालं.

"अगं बाई... बस ना. पाणी देऊ? मी येणारच होते तुझ्याकडे. शपथ. रोज निघायचे आणि कोपऱ्यावरून परत फिरायचे."

"मला बसायचं नाही, वहिनी. एकच सांगायला आलेय. मेळावा करा."

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"रडू नका, मला बोलू दे. परत बोलायला जमणार नाही. मेळावा करा, गाणी म्हणा, रस्सी ओढा. पण ते मिनिट काढून टाका."

"ते तर तिच्यासाठीच ठेवलंय गं. तिची आठवण नको का?"

"त्या मिनिटात कुणी तिला आठवणार नाही. सगळे ह्यांच्याकडे बघतील, रडतात का ते. पोरं एकमेकांना कोपरं मारतील. मग मिनिट संपेल, कुणीतरी खोकेल, आणि सगळ्यांना वाटेल, झालं बाई एकदाचं." काकूंचा आवाज चिरकला. "मला ते व्हायला नकोय. तिचं काही होऊन गेलेलं नाही, वहिनी. माझ्याकडे ते अजून रोज होतं."

वहिनींनी टेबलावरची मोठी यादी पुढे ओढली आणि शेवटच्या ओळीवर पेनाने रेघ मारली. एकदा मारली, मग पुन्हा एकदा.

"तू येशील?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. आणि कुणी बोलवायला येऊ नका."

शुक्रवारी आणि शनिवारी काकू मशीनवरून उठल्या नाहीत. काज केले, बटणं लावली, गळ्याला पट्ट्या लावल्या. शिपाई सदरा न्यायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "घालून दाखव." त्याने घातला. चांगला बसला होता. "मेळाव्यात शोभशील," त्या म्हणाल्या. एवढा मोठा माणूस, घळाघळा रडायला लागला. काकूंनीच त्याला पाणी दिलं.

रविवारी सकाळी पोस्टमन अंघोळ करून दारात उभा राहिला, शिक्षेची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

"तू नको म्हण, मी थांबतो."

"जा," काकू म्हणाल्या. "मी नको म्हटलं म्हणून थांबलात तर ते मला आयुष्यभर पुरेल."

तो गेला. काकू खिडकीपाशी बसल्या. त्यांच्या घरावरून सभागृहाकडे जाणारा रस्ता एरवी सगळ्यात जवळचा, पण त्या दिवशी त्यावरून कुणीही गेलं नाही. सगळं गाव मागच्या शेतातून, बांधाबांधाने निघालं होतं. लांबून काकूंना रंग दिसत होते. दूधवाल्याच्या धाकटीचा पिवळा फ्रॉक. जावांची सारखी निळी कापडं. म्हाताऱ्या आजींना कुणीतरी खुर्चीसकट उचलून बांधावरून नेत होतं. नव्या कपड्यांना चिखल लागू नये म्हणून बायका चवड्यांवर चालत होत्या, हे सगळं एका खिडकीला टाळण्यासाठी. काकूंना वाटलं, ओरडून सांगावं, अरे, रस्त्याने जा. पण तोंड उघडेना.

मग आवाज यायला लागले. शिट्टी, आरडाओरडा, रस्सीखेच. हसणं. दुपारी बासरी. पहिला सूर चुकला. दुसराही डगमगला. मग सूर सापडला आणि तो वर गेला, आणि वरच राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो असा वाजवायचा. काकूंनी कान झाकले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या ऐकल्या. पुन्हा वाजवा, पुन्हा वाजवा, असा गलका ऐकला. आणि तो पुन्हा वाजवायला लागला.

दिवस कलला तेव्हा तो घरी आला. काकूंनी त्याला लांबून येताना बघितलं. चाल हलकी होती. चेहरा उजळला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. फाटकाशी येऊन तो थांबला आणि दोन्ही तळहात त्याने तोंडावरून फिरवले, जणू काही पुसूनच टाकायचं होतं. मग आत आला. त्याने सगळं पुसलं होतं, पण डोळ्यांतलं राहून गेलं होतं.

"कसं झालं?" काकूंनी विचारलं.

"ठीक झालं."

"दोनदा वाजवलंत."

"ऐकू आलं?" तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. नखं खरवडत राहिला. "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"दुसऱ्यांदा वाजवत होतो ना... पोरं नाचत होती. मीही पायाने ताल धरला होता. संपल्यावर सगळे ओरडले, आणि मी हसलो. जोरात हसलो गं. मग एकदम लक्षात आलं." त्याने नखं खरवडणं थांबवलं. "तेवढा वेळ मी तिला विसरलो होतो. पूर्ण विसरलो होतो. ती नाही हेही आठवत नव्हतं, आणि ती होती हेही."

एवढं बोलून तो मोडून पडला. लेक गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा माणसं सांभाळायची होती, गाडी बोलवायची होती, काकूंना धरायचं होतं. आता सांभाळायचं काही उरलं नव्हतं. जमिनीवर कपाळ टेकून तो हमसाहमशी रडत राहिला. "मी बाप आहे तिचा," म्हणत राहिला, "बाप आहे मी तिचा."

काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना त्याची कीव आली, मायाही आली. आणि त्या दोन्हींच्या खाली, स्वतःलाही कबूल करायला लाज वाटावी असा हेवा दाटून आला. ह्याला तेवढा वेळ मिळाला. एका गाण्याइतका.

"काय वाजवत होतात तेव्हा?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

त्याने गाणं सांगितलं. साधंच होतं, पोरांच्या तोंडी असलेलं.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तिला कळलं असतं तर ती हसली असती."

हे खरं होतं की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. तो शांत व्हावा म्हणून त्या बोलल्या होत्या. तो हळूहळू शांत झाला, आणि तिथेच, जमिनीवर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला. गाढ झोपला. काकू मात्र भिंतीला पाठ टेकून टक्क जाग्या बसून राहिल्या. पायाला मुंग्या आल्या तरी त्यांनी पाय हलवला नाही.