अबेनाचं केशर-दूध

आमची सून अबेना एका ऑनलाइन लेखन कार्यशाळेला जाते. जाते म्हणजे लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्याच घरातल्या छोट्या बॉक्सरूममध्ये लॅपटॉप उघडून बसते. ब्लॅक लेखकांसाठीची मोफत कार्यशाळा आहे ती. माझी बायको सुमेधा मंडळात ही बातमी सांगते तेव्हा 'ब्लॅक' आणि 'मोफत' हे दोन्ही शब्द गाळून सांगते. उरतं ते ऐकूनही बायकांना पुरेसा हेवा वाटतो.

अबेनाचे आईवडील घानाचे, ती जन्मली-वाढली लंडनमध्ये. आमच्या आर्यनने हिच्याशीच लग्न करणार म्हणून सांगितलं, तेव्हा सुमेधाने अंथरूण धरलं होतं. आता तीच सून तिला 'आई' म्हणते आणि सुमेधा तिच्यावर जीव टाकते. हे टिकावं, याहून मला म्हातारपणी काही नको आहे.

अबेनाला दिवस गेले. तिची स्वतःची आई हयात नाही, म्हणून डोहाळे पुरवायचं काम सुमेधाने अंगावर घेतलं आणि रोज संध्याकाळी केशर घातलेलं दूध सुरू झालं. पोर गोरं व्हावं म्हणून, दुसरं काय! मी जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत डॉक्टरकी केली. केशराने दुधाचा रंग बदलतो, बाळाचा नाही, एवढं मला कळतं. पण शांतता हवी असेल तर माणसाने हॉस्पिटलातच डॉक्टर असावं. "अहो, पिऊ दे की. What's the harm?" सुमेधा म्हणायची. अबेना तर आवडीने प्यायची; कशासाठी, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कार्यशाळेच्या शेवटच्या वाचनाला घरच्यांना बोलावलं होतं. आर्यन ऑफिसात अडकला, म्हणून अबेनाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसलो. सुमेधा पैठणी नेसली होती. कॅमेऱ्यात तिचा एक खांदा दिसत होता.

अबेनाने वाचलेल्या लेखात ते दूधच होतं. आई गेल्यावर आपल्या हातात कोणी ऊन-ऊन काही आणून ठेवेल असं वाटलं नव्हतं, असं तिने लिहिलं होतं. 'माझा पेला रिकामा होईपर्यंत ती दारात उभी असते. माझ्या बाळावर पहिली माया तिनेच केली.' सुमेधा पदराने डोळे टिपायला लागली.

मग त्रिनिदादच्या एका वयस्कर बाईंनी हात वर केला. "आमच्या गावातल्या इंडियन बायका हे दूध प्यायच्या, बाळ गोरं व्हावं म्हणून. तुमच्याकडे कशासाठी देतात, डिअर?"

अबेना हसली. "आई, tell them!"

'पचनासाठी म्हण,' मी मनातल्या मनात ओरडलो. पण सुमेधाला शब्द गाळता येतात, थाप मारता येत नाही.

"त्यासाठीच," ती म्हणाली. "Everybody does it. माझ्या आईनेपण घेतलं होतं, every single day. And look at me!" तिने आपला काळासावळा हात कॅमेऱ्यापुढे नाचवला. सगळा स्क्रीन खदखदून हसला. सुमेधाही सुटल्यासारखी हसली.

अबेना हसली नाही. "आणि तू झाल्यावर तुझी आई काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काही नाही गं. She loved me so much," सुमेधा अजून हसतच होती. "फक्त बाहेर नेताना पावडर लावायची. Lots of powder."

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. हात खाली आला.

"अबेना, हाच तुझ्या लेखाचा शेवट!" शिकवणाऱ्या बाई आनंदाने म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमेधाही वाजवायला लागली.

अबेनाने तिचे हात धरून थांबवले. "Don't clap, आई. Just say you won't do it to mine."

"नाही लावणार," सुमेधा म्हणाली. पण त्याआधी ती जरा वेळ गप्प राहिली होती, आणि तो वेळ सगळ्यांनी पाहिला.