भीषणरावांची शेपटी

भीषणरावांच्या अंगावर काय काय होतं ते आधी ऐका. डोक्यावर पाण्याच्या टाकीएवढा मुखवटा, त्याला शिंगं, शिंगांच्या टोकाला लाल दिवे. दोन्ही खांद्यांवर पेंढा भरलेले कावळे. छातीवर बाटल्यांची बुचं शिवलेली, म्हणजे चालले की भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा आवाज. आणि मागे शेपटी. फोमची, हिरवीगार, मगरीची. "हा प्राणी नक्की कुठला?" असं मी एकदा विचारलं, तर आमच्या नाटक कंपनीचे मालक म्हणाले, "वाईट आहे, एवढं कळतंय ना? मग पुरे."

भीषणराव म्हणजे माझे बाबा आणि शेपटी म्हणजे मी. शाळेचं आणि माझं फाटलं तेव्हापासून मुलांच्या नाटकात माझं काम एकच. काळे कपडे घालून मागे वाकायचं आणि शेपटी हलवायची. थिएटरात सगळे मला शेपूटच म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी एकाच्या अंगावर धावून गेले होते. आता ओ देते.

पण शेपटी हलवणं हे वरवरचं. डावीकडे ओढली की बाबा डावीकडे वळायचे, उजवीकडे ओढली की उजवीकडे. घट्ट धरली की थांबायचे. बैलाचा कासरा आणि हिची शेपटी एकच, असं बाबाच म्हणायचे. त्या मुखवट्यातून कोणालाच काही दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. भीषणराव धडपडले की लोक म्हणायचे, ड्रेसच तसला आहे.

मुखवटा काढल्यावरही त्यांना दिसत नाही, हे फक्त मला माहीत होतं.

मेकअपच्या खोलीतला आरसा दुरुस्तीला नेला होता, मागची फळी तेवढी भिंतीवर राहिली होती. बाबा त्या फळीसमोर उभं राहून भांग पाडत होते. नीट, मान तिरकी करून. मी दारातून बघितलं आणि आत गेले. विचारलं तर आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले, "उजेड कळतो गं. सावली कळते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल देव जाणे. आईला बोलू नकोस. आणि मालकांना तर मुळीच नाही. दुसरं काय येतं मला? आयुष्यभर वाईटच वागत आलोय."

म्हणून मी बोलले नाही. आणि म्हणूनच ड्रेसवाल्या मॅडम आल्या तेव्हा मी शेपटी घट्ट धरून उभी राहिले.

मालकांनीच बोलावलं होतं त्यांना. मुलं भीषणरावांना घाबरायचं सोडून हसायला लागली होती. मॅडमनी कावळ्यांना बोट लावलं, नाक मुरडलं. "हे काय, भंगारचं दुकान आहे का? खलनायक साधा हवा. काळा कोट. चेहरा उघडा. डोळे दिसले पाहिजेत, डोळे!"

"आणि शेपटी?" मी विचारलं.

"शेपटी कशाला?"

"मगरीला शेपटी लागते."

"तो मगर आहे का?"

"मग शिंगं कशाला होती?" मला पुढे काय बोलावं कळेना, डोक्यात नुसती तिडीक. "लहान मुलांना तुमचा साधा कोट बघायचा असेल तर घरी काकांचा बघतील की!"

"ए शेपटे, तोंड आवर," मालक म्हणाले. "दुपारच्या खेळाला नवा ड्रेस. मुलं घाबरली तर जुना भंगारात."

बाबा सहज म्हणाले, "घालू की मालक. हलकं वाटेल."

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "वेड लागलंय का तुम्हाला? खाली पडाल. स्टेजच्या कडेखाली नुसती फरशी आहे."

"हिरोचा आवाज आहे ना. तो त्याच्या दिव्याखाली उभा राहून ओरडतो, मी आवाजाकडे चालत जातो, तलवार उगारतो, तो मला मारतो. रोज मरतो मी, आज काय नवीन?"

"मी मालकांना सांगते."

"सांग," बाबा म्हणाले, अगदी हळू. "आणि मग माझ्याशी बोलू नकोस."

दुपारी थिएटर गच्च भरलं. पोरांचा नुसता कलकलाट. मी विंगेत उभी, आणि हातांना काम नाही. हातांचं काय करायचं असतं तेच मला आठवेना. सारखे काळ्या शर्टाला पुसत होते.

बाबा आले. काळा कोट, उघडा चेहरा. बुचांचा आवाज नाही, दिवे नाहीत. मधोमध येऊन थांबले आणि समोर बघायला लागले. म्हणजे बघत नव्हते. त्या झगझगीत उजेडात त्यांना सगळं पांढरं दिसत असणार. पण ती नजर पोरांच्या डोक्यावरून, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी लागली होती, पापणी न हलवता. कलकलाट हळूहळू थांबला. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

मालकांनी माझा दंड धरला. "बघ! नजर बघ त्याची! इतकी वर्षं टाकीत घालून ठेवला होता मी हा माणूस!"

मॅडम मागून म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं, डोळे?"

मला दोघांनाही चावावंसं वाटत होतं.

मग हिरो आला. त्याच्या चमचमत्या निळ्या पोशाखात, छाती काढून. एरवी तो आला की टाळ्या पडतात. आज पोरांनी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, सगळ्यांचे डोळे बाबांवर. हिरो त्याच्या दिव्याखाली उभा राहून ओरडला, "भीषणराव!" कोणी हूं की चूं केलं नाही. त्याचा चेहरा पडलेला मला विंगेतून दिसला. मी त्याला ओळखते. टाळी नाही मिळाली तर हा माणूस छतालाही लटकेल.

छताला लटकला नाही. स्टेजवरून उडी मारून सरळ पोरांमध्ये गेला. खुर्च्यांमधल्या वाटेत उभा राहून ओरडला, "हिंमत असेल तर ये इकडे!"

पोरं खूश. वळून वळून त्याला बघायला लागली. टाळ्या, शिट्ट्या.

बाबांनी मान वळवली. आवाजाकडे. तलवार उगारली आणि चालायला लागले.

आवाज खाली, पोरांमध्ये होता. मधे स्टेजची कड.

माझे हात आपोआप मागे ओढले गेले, मुठी आवळून. हातात काहीच नव्हतं. बाबा चालत होते, ताठ, राजासारखे. मालक कुजबुजले, "वा, आता हाही खाली उडी मारणार बहुतेक."

"इकडे! इकडे!" हिरो खालून बोंबलत होता.

मी उजेडात धावले. "बाबा, थांबा!"

अख्ख्या थिएटरात घुमलं ते. बाबा थांबले. बुटाची टोकं कडेच्या बाहेर आली होती. तलवार वरच.

मग बाबा गरजले, "कोण बाबा? मी भीषणराव!" आणि मुलांना घाबरवायला गर्रकन वळले. पण वळले ते मागच्या पडद्याकडे. पुढचं सगळं भाषण त्यांनी पडद्याला ऐकवलं, दात-ओठ खाऊन, एकही शब्द न चुकता. पोरं हसून हसून लोळली. विंगेत मात्र कोणी हसलं नाही. मालक एकटक बाबांकडे बघत होते.

पडदा पडल्यावर मालक आत आले. त्यांनी बाबांच्या तोंडापुढून हात फिरवला, एकदा, मग पुन्हा. बाबांची पापणी लवली नाही. मालक खुर्चीवर बसले.

"कधीपासून?"

मीच म्हणाले, "टाकी होती तेव्हापासून."

"पोरांची गर्दी असते तिथे, भीषणराव. कोणाच्या अंगावर पडला असतात तर?" मालकांचा आवाज चढला आणि मग उतरला. "संध्याकाळचा खेळ मी रद्द करतो. उद्याचं उद्या बघू. घरी जा. वहिनींना सांगा आधी."

मॅडम कोट परत घ्यायला आल्या होत्या, तो न घेताच गेल्या.

बाहेर पडलो तर ऊन तसंच. बाबा कोटातच होते. थिएटरच्या पायऱ्यांपाशी मी हात पुढे केला, तो त्यांच्या बाहीला लागला, त्यांनी झटकला.

"तुला कोणी सांगितलं होतं ओरडायला?"

"मग काय पडू द्यायचं?"

"पडलो असतो तर पडलो असतो. खलनायक पडतातच."

"मग पडा!" मी म्हणाले. रागाने डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसणार नव्हतं ते एक बरं. "पडा आत्ता. बघतेच मी."

ते पहिल्या पायरीच्या वर उभे होते, एक पाऊल हवेत धरून. खाली घेता येईना, मागे नेता येईना. माझ्याकडे मागणार मात्र नव्हते काही. मलाही पुन्हा हात करायचा नव्हता.

मी त्यांच्यापुढे गेले आणि पायरीवर चप्पल आपटली. जोरात. मग खालच्या पायरीवर. मागून बुटाचा आवाज आला, पायरी चाचपणारा, मग टेकला. मी पुन्हा आपटली. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, कोण ही पोरगी एवढी रागावलीय. बघू देत. रागावलेच होते.

"हळू आपट," बाबा मागून म्हणाले. "चप्पल तुटेल."