बेलाच्या पानाची कुऱ्हाड

शहागंजच्या बाजारात आम्ही कढई घ्यायला गेलो आणि कुऱ्हाडीचं पातं घेऊन आलो. दांडा नसलेलं, गंजून लाल झालेलं. बायकोपुढं कोणाचं चालतं? भंगारवाला म्हणाला, "चाचा, बहोत पुरानी चीज है." मी म्हणालो, "अरे, पुराना तो मैं भी हूँ, मला कोण विकत घेतं?" आवडा हसली नाही. तिचं बोट पात्यावर कोरलेल्या बेलाच्या पानावर होतं.

हे पान तिच्या माहेरचं. बिडकीनला त्यांची लोहाराची भट्टी होती आणि तिथून निघालेल्या प्रत्येक कुऱ्हाडीवर तीन घाव घालून ते पान उमटवत. आधी तिचा आजा उमटवायचा. सन पंचेचाळीसच्या सुमारास आज्याची नजर गेली, मग तिचा बाप. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बाप पटकीनं गेला, तेव्हा आवडा आईच्या पोटात. त्याचा फोटो नाही, अंगरखा नाही. स्वप्नात येतो तोही पाठमोरा, भात्यापाशी बसलेला. साठी ओलांडलेली बाई झोपेत अजून त्या पाठीला हाक मारते आणि शेजारी पडून मला ते ऐकावं लागतं. फार वाईट वाटतं.

घरी येऊन मी घासलेटानं गंज काढला. पानाखाली उर्दू आकडे निघाले. निजामाच्या राजवटीत मी उर्दू शाळेत छड्या खाल्ल्यात, आकडे आपल्याला पाठ. १३५७.

"हिजरी साल," मी ऐटीत म्हणालो आणि मनात आकडेमोड केली. "म्हंजी एकोणीसशे अडतीस."

"मंग ही आज्याची," ती म्हणाली. "बापाची नाय."

पातं पदरात गुंडाळून ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी ताट झाकून ठेवलं.

दुपारी माझाही डोळा लागला. अर्धवट झोपेत लांबून घणाचा आवाज यायला लागला आणि ऊन हळूहळू भट्टीसारखं तांबूस झालं. त्या उजेडात माझे वडील शाळेच्या ओट्यावर उभे. मी त्यांचं बोट धरलेलं, अंग पिसासारखं हलकं. ते मास्तरांना सांगत होते, "आमचा बन्सी तेरासे अठ्ठेचाळीसचा."

खाडकन जागा झालो. हे माझं साल हिजरी धरलं, तर मी आहे त्याहून नऊ वर्षांनी म्हातारा ठरतो! वडील फसली, म्हणजे पीकपाण्याचं सरकारी साल सांगत होते. गावाकडं शेतसारा, पेरणी, पोराचा जन्म, सगळं फसलीनंच मोजत. आणि लोहार कुऱ्हाड घडवतो ती शेतकऱ्यासाठी. तेराशे सत्तावन्न फसली म्हणजे सत्तेचाळीसच्या दसऱ्यापासून पुढचं साल, पोलीस ॲक्शनचंच.

"आवडे, ऊठ! माझी अक्कल चरायला गेली हुती. साल फसली हाय. तुझ्या बापाचीच हाय ही."

"व्हय?"

ती पातं घेऊन दारातल्या उजेडात बसली. कोरलेल्या पानावरून तिनं बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडणार.

"अवो, बघा की. दोन पानं सरळ हायेत, तिसरं तिरकं गेलंय. हात बसला नव्हता अजून." मग विचारलं, "केवढा असंल वो तवा?"

"बाविशीचा, तुझी आईच सांगायची. आपल्या बद्रीएवढा."

बद्री आमचा नातू. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं ते पातं पुसायला लागली.

"लई लहान होता माझा बाप," ती म्हणाली. "लेकरू होतं."