दोन सेलपुरते प्राणी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. हातात धरून खेळायचा, विटेसारखा जाड आणि राखाडी रंगाचा. माझा पडदा काडेपेटीपेक्षा थोडासाच मोठा. त्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून माझ्यावर उजेडात बसूनच खेळावं लागतं. माझ्या पाठीत दोन सेल बसतात आणि वरच्या खाचेत एक कॅसेट. रानोमाळ हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना नावं द्यायची, त्यांना वाढवायचं, असा त्या कॅसेटमधला खेळ आहे.

सुरतेच्या बाजारातून एका मामांनी मला नवापूरला आणलं, त्यांच्या भाच्यासाठी. योगेंद्र तेव्हा अकरा वर्षांचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या ओट्यावर अर्धी गल्ली माझ्यावर वाकलेली असे. योगेंद्रनं पहिला प्राणी पकडला, शिंगं असलेला बेडूक, आणि त्याचं नाव ठेवलं भुरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. काही प्राणी दुसऱ्या यंत्राला वायर जोडल्याशिवाय मिळत नसत, आणि माझ्यासारखं दुसरं यंत्र गावात कुणाकडेच नव्हतं. खेळ तिथे अडला. पुढे मोबाइल आले. मी कपाटात गेलो, तो वीसएक वर्षं तिथेच राहिलो.

गेल्या हिवाळ्यात कपाट उघडलं. समोर दाढी वाढलेला माणूस होता. अंगठ्यावरच्या जुन्या व्रणावरून मी त्याला ओळखलं.

योगेंद्रनं गावाबाहेर कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. त्यात आठ हजार पक्षी होते. त्या भागात रोग आला. पांढरे पोशाख घातलेली सरकारी माणसं आली, पक्षी मारून पुरले, आणि दोन दिवसांत शेड रिकामं झालं. खड्डे बुजवले, वर चुना पसरला. रोगाच्या भीतीनं त्यानं बायकोला, नूतनला, आणि लेक रुचिकाला आधीच शहाद्याला माहेरी पाठवलं होतं. "मी बरा शे," एवढं तो फोनवर सांगायचा. मग त्यानं फोन उचलणंही सोडलं.

त्यानं नवे सेल घालून मला चालू केलं. आत कुणीच नव्हतं. कॅसेटच्या पोटात एक चपटी बॅटरी असते, ती जुना खेळ जपून ठेवते. ती केव्हाच संपली होती. कुणीतरी ती बदलून दिली असती, पण त्यानं कुणाला विचारलंच नाही. तो रिकाम्या शेडच्या दारात, उन्हात बादली पालथी घालून बसला आणि पहिल्यापासून खेळू लागला. पुन्हा शिंगवाला बेडूक. पुन्हा भुरा.

आता मी चालू असेन तोवरच ते प्राणी होते. म्हणून तो मला बंद करत नसे. सेल संपत आले की माझा लाल दिवा मंद व्हायचा, मग विझायचा, आणि सगळे पुसले जायचे. तो नवे सेल घालायचा. पुन्हा पहिल्यापासून. असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. मी नुसता त्याच्या हातात असायचो. त्याचे हात फार गार असत.

रेवाबाई शेडवर दाणापाणी करायच्या. काम उरलं नव्हतं, तरी रोज भाकर घेऊन येत. एकदा त्या वाकून माझ्या पडद्यावरच्या प्राण्यांकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, या मरतस का?"

"नही, रेवाबाई. या मरतस नही. नुसता बेसुध व्हतस. दवाखानामा लयी गये का परत उभा ऱ्हातस."

"मंग बरं शे," रेवाबाई म्हणाल्या. कालची भाकर तशीच पडलेली त्यांनी पाहिली. त्या दिवशी त्यांनीच नूतनला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूतन एसटीनं आली. माझा दिवा तेव्हा मंद होत होता.

"कितला फोन करात मी," ती म्हणाली. त्यानं मान वर केली नाही.

"ठेवा ते. घर चला."

"बंद कयं का सम्दा जातस," तो म्हणाला.

मला वाटलं, आता ती मला हिसकावून घेणार. पण तिनं पिशवी खाली ठेवली, आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"हाऊ कोन शे?" तिनं माझ्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"भुरा."

"आनि हाऊ?"

एकेक करून त्यानं तिला सगळे दाखवले. बावीस होते. प्रत्येकाचं नाव सांगितलं, कुठे सापडला तेही सांगितलं. शेवटच्यावर आले तेव्हा पडदा फिका पडला, आणि मी विझलो. योगेंद्रचा हात खिशातल्या नव्या सेलांकडे गेला. नूतननं तो हात धरून ठेवला.

"आठ हजार व्हतात," तो म्हणाला. "एकलेबी नाव देयेल नव्हतं मी." आणि तो रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग ती म्हणाली, "जेवी ल्या आधी." रेवाबाईंची भाकर दोघांनी वाटून खाल्ली.

आठवड्यानं त्यानं शेड धुवून भिंतींना चुना मारला. पावसाळा सरल्यावर पिल्लं आली. मी शेडच्या खिडकीत फडक्यात गुंडाळलेला आहे. कित्येक महिने मला कुणी हात लावलेला नाही. खोटं कशाला बोलू, करमत नाही मला. पण त्यानं मला पुन्हा उचलावं असंही मी म्हणत नाही.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी दिवसेंदिवस लहानशा पडद्यावर मान घालून बसत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "हा कोण?" मला माणसाच्या हातात राहता येतं, मित्रांनो. शेजारी बसता येत नाही.