प्रार्थनेच्या फळ्यावरची चिठ्ठी

"वाच, मोठ्यानं वाच," बर्नडीन म्हणाली. "एकवीस वर्षं राबलेल्या बाईला कोणत्या आधारावर हाकलतात, ते माझ्या कानांनी ऐकू दे."

नगरपालिकेच्या तक्रार खिडकीमागची कॅरिसा लहानपणी चर्चच्या शाळेत बर्नडीनच्याच हातचं जेवलेली. तिनं मान खाली घालून नगरपालिकेचा नियम वाचला. कुणाचं लग्न कुणाशी झालं यावरून गावात कुणालाही नोकरीवरून काढता येणार नाही. मात्र धार्मिक संस्था आणि त्यांच्या शाळा यांना हा नियम लागू नाही.

"मी काय तिथे धर्म शिकवत होते? बटाटे सोलत होते गं!"

"ते लिहिलेलं नाही, बर्नीमावशी," कॅरिसा पुटपुटली. "सगळीच शाळा वगळलीय."

गेल्या वर्षी हा नियम मंजूर झाला, तेव्हा बर्नडीन आणि तिची जोडीदार लोइस सभागृहात मागे बसून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होत्या. त्याच वर्षी वसंतात दोघींनी कोर्टात जाऊन लग्न केलं. शेवटची ओळ कुणी वाचली होती?

एकोणीस वर्षं दोघी एका घरात राहत होत्या. गावाला सगळं ठाऊक होतं, पण 'मैत्रीण' म्हटलं की सगळ्यांच्या घशाखाली उतरायचं. बर्नडीनच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आणि लोइसनं चर्चच्या सभागृहातल्या प्रार्थनेच्या फळ्यावर चिठ्ठी टाचली: 'माझी बायको बर्नडीन हिच्यासाठी प्रार्थना करा.' देवापुढे कशाला खोटं बोलायचं, एवढाच तिचा भाबडा हिशेब. सोमवारी शाळेचं पत्र आलं. नोकरी गेली, आणि महिनाअखेरीस शाळेचा आरोग्यविमाही जाणार होता. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

"माझ्या हातानं घात झाला," लोइस म्हणत राहिली. बर्नडीनचा संताप होत होता, पण तिच्यावर नाही.

गुरुवारी फादर कॅसिमिरचा फोन आला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत असे, आणि माशावरच्या पिठाचं प्रमाण बर्नडीनच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं.

"नोकरी म्हणून जमणार नाही, बर्नडीन. पण सेवा म्हणून आलीस, तर दार उघडंच आहे."

"म्हणजे फुकट आले की माझं पाप धुतलं जातं का, फादर?"

तिनं फोन आपटला.

शुक्रवारी ती गेली, पण स्वयंपाकघराच्या दारानं नव्हे. कोट घालून, लोइसचा हात धरून रांगेत उभी राहिली. पुढे नगरसेवक स्टॅन वोयचिक वाढलेली ताटली घेऊन, एक घास चाखत उभा होता. नियमात ती शेवटची ओळ घालायची सूचना त्याचीच.

"अगं बर्नी, तू आत नाहीस?" तो म्हणाला. "म्हणूनच म्हटलं, माशाचा पार चोथा का झालाय!"

"तूच तर मला बाहेर काढलंस, स्टॅन."

स्टॅनचा चेहरा उतरला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. चर्चवाल्यांना धास्ती होती, त्यांना बरं वाटावं म्हणून एक ओळ घातली. कुणा एका माणसाविरुद्ध नव्हती ती."

"मग दुसरं कोण गेलं ते दाखव ना. अख्ख्या गावात तुझ्या ओळीत सापडलेलं माणूस एकच आहे, आणि ते इथे उभं आहे. वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, लाज वाटू दे जराशी!"

रांगेत कुणी ताटलीत बघू लागलं, कुणी छताकडे. स्टॅननं लिंबाची फोड पिळली, पिळतच राहिला.

दारापाशी प्रार्थनेचा फळा होता. लोइसची चिठ्ठी काढून टाकली होती, टाचणी मात्र तशीच होती. बर्नडीननं रांग सोडली. पर्समधून पेन आणि कागद काढून भिंतीवर टेकवून लिहिलं: 'लोइसची बायको बर्नडीन. हृदयाची शस्त्रक्रिया. तारीख'. तिथे तिचा हात थांबला. विमाच नाही, तर तारीख कसली?

पुढची जागा कोरी सोडून तिनं त्याच टाचणीनं ती चिठ्ठी फळ्याच्या मधोमध लावली.